रिक्षावरचा आवाज

“बंद करा ताई. पुढचं मला पाठ हाय.”

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अमेरिकेतली दोन मोठी माणसं व्यासपीठावर समोरासमोर उभी असायची, वाद नुकताच सुरू झालेला असायचा, आणि काका खुर्चीतून हात वर करून मला थांबवायचे. मग पुढचं स्वतःच सांगायचे. “आता ह्यो त्याचं वय काढणार. मग त्यो ह्याच्या बायकोवर जाणार. मग दोघंबी म्हणणार, आपला देश लय महान हाय.” मी व्हिडिओ पुन्हा चालू करायचे. बहुतेक वेळा क्रमसुद्धा तोच निघायचा.

तासगावात एस.टी. स्टँडच्या मागे माझ्या मामांचं रेकॉर्डिंगचं छोटं दुकान आहे. सांगलीत इंग्रजी शाळेत शिकलेली मी तिथे कॉम्प्युटरवर बसते. कानांवर हेडफोन असला की लोक आपल्याशी कमी बोलतात, हे मला त्या कामात सगळ्यात आवडतं. सगळं गाव ज्यांना काका म्हणायचं, ते तिथे जाहिरातींना आवाज द्यायला यायचे. तुमच्याही गावात असा एक आवाज असेल. उद्या पाणी येणार नाही, अमक्यांचं निधन झालं, साड्यांचा सेल लागला, मतदान करा, हे सगळं रिक्षावरच्या भोंग्यातून सांगणारा. काका सगळ्याच पक्षांचा प्रचार करायचे. सकाळी एकाला विजयी करा, दुपारी दुसऱ्याला. कोणी हरकत घेत नसे, कारण काका ज्याचा प्रचार करायचे त्याचं कौतुक करायचे आणि समोरच्याचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत.

रेकॉर्डिंग संपलं की चहा यायचा. “लावा ती मोठी ग्रामपंचायत,” काका म्हणायचे. मोठी ग्रामपंचायत म्हणजे अमेरिका. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण जाहीर बोलणं हा त्यांचा धंदा होता आणि त्या धंद्यातली जगातली सगळ्यात मोठी माणसं कशी बोलतात, हे त्यांना बघायचं असायचं. बघून ते खूश कधीच झाले नाहीत. “एवढा भारी कोट, आन् भांडण नळावरचं. नळावरच्या बाया तरी पाणी भरून घरला जात्यात.”

तिकडच्या बातम्या सांगणाऱ्यांवर त्यांचा फारच राग. पाच मिनिटं ऐकून विचारायचे, “ह्याला प्याकेज कुणाचं? कुणाचं पैसं घेतल्यात ह्यानं?” मी दुसरं चॅनेल लावायचे. तिथे तीच घटना बरोबर उलटी. “एका वरातीत दोन ब्यांड,” काका म्हणायचे, “नवऱ्याच्या घोड्यानं नाचावं तरी कुठल्या तालावर?”

भाषांतराचं काम माझं. ते बोलणं मराठीत सांगायची मला लाज वाटायची. एका पुढाऱ्याने समोरच्या बाईंच्या दिसण्यावर काहीतरी फार घाणेरडं म्हटलं. मी सांगितलं, “ते म्हणतायत, या बाई योग्य उमेदवार नाहीत.” काकांनी स्क्रीनवरच्या सभागृहाकडे पाहिलं. लोक पोट धरून हसत होते.

“ताई, एवढ्या साध्या बोलण्याला एवढी माणसं हसत न्हाईत.”

मी आवाज कमी केला. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. तुमचंच भाषांतर चांगलं हाय. तेच धाडून द्या त्यास्नी.”

एवढं तिरकं बोलणाऱ्या या माणसाच्या मनात एक गोष्ट मात्र पक्की होती. असं बोलणारा शेवटी पडतो. तिकडच्या कुठल्याशा राज्यातला एक शिवराळ उमेदवार त्यांनी निकालाआधीच पाडून टाकला होता. तो भरघोस मतांनी निवडून आला. काकांनी चहा अर्धाच घेतला. “म्हंजे लोकांनी ऐकून मत दिलं व्हय?” त्यांनी मला विचारलं. या प्रश्नाचं भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं. मी व्हिडिओ बंद केला.

मग आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात एक शिवणक्लासवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांचा नवरा त्यांना सोडून गेला होता, हे सगळ्या वॉर्डाला माहीत होतं. विरोधी उमेदवाराचा माणूस दुकानात कागद घेऊन आला. जिला नवरा सांभाळता आला नाही ती वॉर्ड काय सांभाळणार, असं त्यावर होतं. काकांनी कागद वाचला आणि परत दिला.

“आवं, एकच तर वाक्य हाय,” तो माणूस म्हणाला.

“मग तुमीच बोला की. एकच तर हाय.”

तो हसत निघून गेला. दोन-तीन दिवसांनी तेच वाक्य गल्लीतून फिरलं, काकांच्या आवाजात. त्यांच्या जुन्या जाहिराती कोणीतरी कॉम्प्युटरला ऐकवून हवं ते बोलवून घेतलं होतं. मी ते हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. श्वाससुद्धा त्यांचाच होता.

मामा म्हणाले, रिक्षा काढा, सगळीकडे सांगून टाका, की तो आवाज तुमचा नव्हता.

“कुठल्या आवाजात सांगू?” काकांनी विचारलं.

संध्याकाळी ते पायी निघाले, दारोदार. मला म्हणाले, “तुमी नुस्तं संगं चला.” भोंग्याशिवाय त्यांचं बोलणं मी गल्लीत पहिल्यांदाच ऐकत होते. लहानसा, थोडा बसका आवाज होता.

पहिलं दार शिवणक्लासच्या बाईंचं. त्या मशीनवरून उठल्या नाहीत. “आवाज तर तुमचाच होता, काका.”

“व्हय. आवाज माझा हुता. मी नव्हतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कसंबसं, अडखळत, ते कसं करतात ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून काकांसाठी खुर्ची पुसली.

मला वाटलं, अवघड होतं ते झालं. पण अवघड पुढेच होतं. पुढच्या दारांत कोणी अविश्वास दाखवला नाही. कोणी म्हणालं, असू द्या हो, निवडणुकीत चालायचंच. एक आजोबा तर बाहेर येऊन काकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “लय झ्याक बोललास गड्या! इतकी वर्सं मिळमिळीतच बोलत हुतास.” आतून बायकांचं हसणं ऐकू आलं.

“मी न्हाई बोललो,” काका म्हणाले.

“बरं बरं. न्हाई बोललास.” आजोबांनी डोळा मिचकावला.

काका पायरी उतरले. मग पुढच्या दाराकडे वळले. त्या गल्लीतलं एकही दार त्यांनी सोडलं नाही.

निकालात बाई पडल्या. काका नंतर दुकानात आले नाहीत. वडूजकडे त्यांच्या भावाची मेंढरं आहेत, तिकडे गेले. दुकानात लोक अजून येतात आणि म्हणतात, तोच आवाज द्या, आता तर माणूस पण लागत नाही. मामा नाही म्हणतात. लोक दुसरीकडे जातात.

गेल्या महिन्यात मी एस.टी.ने वडूजला जाऊन आले. काका बारीक झालेत, बोलतात हळू. अमेरिकेचं मी मुद्दाम काढलं, पण त्यांनी मामांची तब्येत विचारली. ऊन उतरल्यावर मेंढरं माळावर लांब पांगलेली दिसली. काका उठले, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि त्यांनी एक लांब हाक घातली. त्या हाकेत शब्द नव्हता. माळाच्या टोकापर्यंत सगळी मेंढरं थांबली, माना वळवल्या आणि त्यांच्याकडे चालू लागली.