गुरुवारची जीप

माफ करा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी एकदम छापण्यासाठी लिहायला बसलोय. पण गेल्या सोमवारपासून मला एका जागी बसवत नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय — तरी लिहितोय. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मला एक काम मिळालं होतं. परदेशातून आलेली एक संस्था गगनबावड्याकडच्या एका गावात क्षयाच्या रोग्यांना औषध द्यायची. दर गुरुवारी जीप जायची. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं. मी त्यांचा दुभाषा. पुढच्या सीटवर बसायचो! आबा कसबा बावड्याला साखर कारखान्यात पोती उचलतात, आणि त्यांचा मुलगा जीपमध्ये, पुढे! वळणावर जीप दिसली की पोरं ओरडत धावत यायची. मला वाटायचं, माझ्यासाठीच येतात.

गावात नऊ रोगी होते. प्रत्येकाचं एक कार्ड; ते दाखवलं की मी त्यावर खूण करायचो आणि आठवड्याच्या गोळ्या मिळायच्या. दीड वर्ष औषध, एक दिवसही खाडा नको — हे मीच त्यांना बजावायचो. त्यांच्यातल्या हौसाआक्का हसायच्या. "मास्तर, गोळ्या संपत्यात, पर तुमचं भाषण काय संपत न्हाय," म्हणायच्या. मास्तर! मला, त्या वयात.

मग संस्थेनं काम थांबवायचं ठरवलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बाईंनी नऊ चिठ्ठ्या लिहून माझ्या हातात दिल्या. ज्याची त्याला द्यायची आणि समजावायचं — आता जीप येणार नाही, ही चिठ्ठी दाखवली की कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात हेच औषध मिळेल. एवढंच काम.

पण गावाला यातलं काय ठाऊक? जीप यायला लागून वर्ष झालं म्हणून त्यांनी त्याच शेवटच्या गुरुवारी सत्कार ठेवलेला. वेशीवर हलगी कडाडत होती. हुसेनचाचा शिंप्यांनी मला समोर बसवून फेटा बांधला. "मान हलवू नगा मास्तर, न्हायतर फेटा न्हाय, भोपळा दिसंल." माझ्या डोक्यावरचा पहिला फेटा! तुम्हाला कधी असं झालंय का — आपण आपल्यालाच मोठे दिसतो?

बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी काही लपवलं नाही, हे लिहायलाच हवं. आज आमचा शेवटचा दिवस, आम्ही तुम्हाला अर्ध्यात सोडून जातोय, राग असेल तर मला विचारा, उत्तर देणं माझं काम आहे — असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. आणि मी म्हणालो —

"बाई म्हणतात, तुमच्या गावानं फार माया लावली."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच हौसाआक्का उठल्या.

"फुडच्या गुरवारी येणार न्हवं, मास्तर?"

"येणार की."

काय विचारतायत, बाईंनी विचारलं. आभार मानतायत, मी सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गावाला हात जोडले. त्यांना वाटलं, गावानं समजून घेतलं.

भीती वाटली होती का मला? कुणाची? नाही — तो फेटा डोक्यावरून उतरायला नको होता. रविवारी एस.टी.नं येऊन चिठ्ठ्या देऊ, असं ठरवलं. त्या रविवारी गेलो नाही. पुढच्याही नाही. मग जायची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेला मी अभ्यास म्हणायला लागलो. चिठ्ठ्या अजून माझ्या ट्रंकेत आहेत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात. नऊच्या नऊ.

त्याला दोन वर्षं झाली. सोमवारी कोल्हापूरच्या स्टँडवर हुसेनचाचा दिसले. मी तोंड फिरवलं. हाक त्यांनीच मारली. "ओ मास्तर! वळख इसरला व्हय?" मी नुसतं हौसाआक्कांचं नाव घेतलं. तेच म्हणाले, हायत की, इथंच दवाखान्यात हायत. जिवंत! मी त्यांचा हातच धरला, भर स्टँडवर.

मग पुढचं ऐकलं. जीप बंद झाल्यावरही कितीतरी गुरुवार ते नऊ जण वेशीवर येऊन बसायचे. गोळ्या संपल्या. खोकला परतला. नऊपैकी दोघं गेले — चाचांनी नावं सांगितली, मला दोघांचेही चेहरे आठवले. आक्कांना गेल्या महिन्यात रक्त पडलं, तेव्हा मुलानं इथं आणून दाखल केलं. जुन्या गोळ्या आता त्यांना लागू पडत नाहीत म्हणतात.

माझी बस आली होती. चाचांनी मला थांबवलं. निरोप होता.

"आक्का म्हणत्यात, मास्तर कुठं गावलं तर सांगा — कार्ड उशाखाली जपून ठेवलंय. गाडी आली की लागंल."