डाव्या समासातले शब्द

आज कपाट आवरताना इराची पहिलीतली स्पेलिंगची वही सापडली. उघडली, तर पानांना अजून पेन्सिलीचा वास. इरा आता मेलबर्नला शिकते. सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये ‘हे बघ काय सापडलं’ म्हणायला आज कोणी नाही.

इरा डावखुरी. रोज संध्याकाळी मी डाव्या समासात शब्द लिहून द्यायचो आणि ते बघून तिने पुढे पाच-पाच वेळा लिहायचे. दर अक्षराला ती हात उचलून बघायची, तरी चुकायची.

“अगं, समोर शब्द लिहिलाय, तरी चुकतेस?” मी ओरडायचो.

एकदा तिने हळूच विचारलं, “बाबा, मी स्टुपिड आहे का?”

मी घाबरून टीचरना भेटलो. त्यांनी वहीत शब्द उजव्या बाजूला लिहिले आणि सांगितलं, “डाव्या बाजूचे शब्द तिच्याच हाताखाली झाकले जातात.” ऑफिसात इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेणाऱ्या मला हे दिसलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी दहाच्या दहा शब्द बरोबर आले. मी सॉरी म्हणायला घसा खाकरला, तेवढ्यात ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “बाबा, यू गो वॉच टीव्ही लाह. आय कॅन.”

मॅच चालू होती. सुटलो म्हणत मी उठलोसुद्धा. त्यानंतर तिने मला अभ्यासाला शेजारी बोलावलं नाही, आणि मी ते कौतुकाने सगळ्यांना सांगत फिरलो. सॉरी म्हणायचं राहिलंच. आता वाटतं, तिने जा म्हटलं तरी थोडा वेळ तिथेच बसायला हवं होतं.