समाजशास्त्राचा पेपर

नव्वदच्या दशकात मी जालन्याला बाहेरून एम.ए.ची परीक्षा देत होते. त्या दिवशी समाजशास्त्राच्या आद्य विचारवंतांचा पेपर होता. शेजारच्या बाकावरची बाई जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीहून आली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. लिहिता लिहिता ती सारखा पदर पुढे ओढायची.

पेपर निम्मा झाला आणि बाहेर तान्हं मूल रडू लागलं. तिचं पेन थांबलं. दुधानं तिचं ब्लाऊज भिजलं होतं. इतक्यात खिडकीशी तिची सासू आली.

"बाहेर ये जल्दी. लेकरू रडून राह्यलं."

पर्यवेक्षक म्हणाले, "बाई, बाहेर गेलात तर परत आत घेता येणार नाही."

रडणं वाढतच चाललं. कुणीच लिहीत नव्हतं. ती उठली, पण दाराकडे गेली नाही.

"मी जात न्हाई, सर. लेकराला आत येऊ द्या."

मग सरांनीच जाऊन मूल आणून दिलं. त्याला पदराखाली घेऊन ती पुन्हा लिहू लागली.

पेपर सुटल्यावर मी विचारलं, "समाज माणसावर बाहेरून दाब आणतो, तो प्रश्न लिहिलात?"

"तोच लिहून राह्यले होते, तर सासूबाई खिडकीत आल्या. मंग पुढं लिहिलं, दाब असतो बराबर, पण माणूस न्हाई म्हणू शकतो. पुस्तकात असं न्हाई. मार्क जातील बहुतेक."

हे सांगताना ती फाटकाशी उभ्या सासूकडे बघत होती.