बिनआवाजाची मोटर

तीस वर्षं मुळशीच्या धरणात वल्हं मारून भैरूचा उजवा खांदा कामातून गेला. आता होडी विकायची की तिला मोटर लावायची, एवढाच प्रश्न उरला. पौडच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रफीककडे दोन मोटरी होत्या. एक डिझेलवर धडधडणारी, दुसरी बॅटरीवर चालणारी, कुणा साहेबाने परदेशातून आणलेली.

"भैरूमामा, हिला आवाजच न्हाई," रफीक म्हणाला. "माशाला पत्ता लागायचा न्हाई."

दुकानात बसलेल्या चौघांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही जन्मात जाळं धरलं नव्हतं. भैरूने बिनआवाजाची घेतली.

सकाळी होडी अशी गेली, की काठावरचा बगळासुद्धा उडाला नाही. भैरूने जाळं लावलं, त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जाळं ओढलं. ते रिकामं होतं. माशाला खरोखरच पत्ता लागला नव्हता. तो होता तिथेच राहिला.

त्याची बायको साळूबाई टोपली घेऊन काठावर बसली होती. "तीस वर्सं पाण्यावर वल्हं आपटून मासं जाळ्याकडं हाकलताय," ती म्हणाली, "आन मोटर आणली ती मुकी. मासं काय पाव्हणं हायेत, आपल्या पायानं यायला?"

"मंग आता?"

"सरका तिकडं." ती होडीत चढली आणि वल्हं उचलून पाण्यावर हाणू लागली.

दुपारपर्यंत टोपली भरली. महिन्याभरात भैरूचा खांदा दुखायचा थांबला आणि गावभर मोटरीचं कौतुक झालं. साळूबाईचा खांदा ठणकू लागला, त्यावर मात्र कुणी मोटर सुचवली नाही.