पहिली पोस्ट कोणाची

मी चर्चामंच बनवते. म्हणजे इंटरनेटवर लोक जिथे जमून एकमेकांना अक्कल शिकवतात, ती जागा. भांडणं त्यांची, सतरंजी माझी.

पुण्याच्या कंपनीचं काम गावी बसून करायला लागले, तेव्हा माझं मुख्य गिऱ्हाईक होतं परदेशातलं. काचेच्या पेटीत मासे पाळणाऱ्यांचा मंच. शेजारच्या घरातल्या काकीला हे सांगितलं तेव्हा ती बांगडे साफ करत होती. हातातला बांगडा तसाच धरून तिने विचारलं, खात नाहीत तर पाळतात कशाला? पुढे महिनाभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की आमची बाय वेड्या लोकांची सोय करते, पैसे बरे देतात.

या धंद्यात माझा जीव दोन गोष्टींवर. एक टेम्पलेट. मजकूर तोच, पण कोण वर, कोण खाली, अक्षर केवढं, रंग कुठला, हे टेम्पलेट ठरवतं. जेवण एकच, ताट ज्याच्या त्याच्या पसंतीचं. दुसरं प्लगिन. मूळ घराला हात न लावता मागाहून काढलेली पडवी. कोणालाही आपापली पडवी काढता यावी आणि ती कोसळली तरी घर उभं राहावं, एवढं साधलं की सॉफ्टवेअर चांगलं. काकीचं म्हणणं, घराला पडवी काढली की समजायचं, एक भाऊ वेगळा निघाला. मी तेव्हा हसले होते.

आता गावाचं सांगते. मालवणपासून फार लांब नाही, पण तिथल्या शहाणपणाचा वाराही आम्हाला लागलेला नाही. वरची वाडी आंबा-काजूवाल्यांची, खालची वाडी होड्यांवाल्यांची. देव एक, जत्रा एक, पालखी एक. जत्रेची तारीख गावाच्या बैठकीत बोलणं होऊन मग देवाला कौल लावून ठरते. बैठकीचा नियम असा की पहिल्या मानकऱ्याने तोंड उघडल्याशिवाय दुसऱ्या कोणी उघडायचं नाही. पूर्वापार चालत आलेलं, कोणाला काही त्रास नव्हता. पण ते जुने मानकरी वारले. पोरबाळ नव्हतं. वरच्या वाडीतल्या एका घराण्याने सांगितलं, पहिला मान आता आमचा. खालच्या वाडीतल्या एकाने सांगितलं, छे, आमचा.

झालं. तेव्हापासून बैठक भरते. एकाने तोंड उघडलं तर दुसरा उठून जाणार, आणि दुसरा उठला की अर्धं गाव त्याच्यामागे उठणार. म्हणून दोघेही गप्प. ते गप्प म्हणून सगळे गप्प. देवळाच्या मंडपात एवढी माणसं मांडीला मांडी लावून बसतात, चहा येतो, चहा पितात, आणि कपडे झटकून घरी जातात. वाटेत मात्र तोंडाला खळ नाही. अशा दोन जत्रा बुडाल्या. फोनवर गावाचा ग्रुप होता, त्यात एकमेकांना काढता काढता शेवटी ज्याने ग्रुप काढला तोच बाहेर राहिला.

जत्रा बुडाली म्हणून सगळ्यांनाच वाईट वाटत होतं, पण खरा जीव टांगणीला लागला होता काकीचा. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, बोटीवर असतो. समुद्रावरच्या नोकरीत रजा आधी मागावी लागते, आणि तो मागायचा ती जत्रेच्या तारखेप्रमाणे. तारीख नाही म्हणून दोन्ही वेळा तो मुंबईला उतरला आणि चार दिवसांत दुसऱ्या बोटीवर चढला. गावात येऊन करू काय, असं म्हणाला. काका गेल्यापासून काकी घरात एकटी. 'माझ्यासाठी ये' हे दोन शब्द बोलायला या बाईचा जीव गेला असता. तिला जत्रा हवी होती, कारण त्याला बोलवायला दुसरं निमित्त तिच्याजवळ नव्हतं. मधल्या काळात ती मसुऱ्याच्या जत्रेला जाऊन आली आणि दोन दिवस धुसफुसत होती, की दुसऱ्याच्या देवीला किती दिवस तोंड दाखवायचं.

तिनेच मला गळ घातली. वेड्या लोकांना बसायला जागा करून देतेस, मग आम्ही काय घोडं मारलंय? मुंबईच्या चाकरमान्यांनीही तेच टुमणं लावलं होतं. मला वाटलं, समोरासमोर तोंड उघडत नाही, फोनवर उघडेल. मी गावासाठी मंच बनवला.

सुरुवातीला वर्दळ काय विचारू नका. खालच्या वाडीला भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं प्लगिन पाहिजे. वरच्या वाडीला माकडं कुठल्या बागेत शिरली ते सांगणारं पाहिजे. एका सासूबाईंनी विचारलं की सुनेला वाचता येईल पण लिहिता येणार नाही असं काही निघेल काय. मी सगळं ऐकून घेतलं, काही केलं, काही विसरले. मग 'जत्रा' नावाचा विभाग उघडला आणि जाहीर केलं की आता इथे बोला.

सगळे आले. बाजूला हिरवे ठिपके पेटले, एकेक नाव दिसायला लागलं, मुंबई, दुबई, मस्कत, सगळीकडून गाव हजर. आणि पोस्ट एकही नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. मंडपात बसतात तसे माझ्या सर्व्हरवर मांडी घालून बसून राहिले. एवढी गर्दी आणि एवढी शांतता पाहून माझ्या कंपनीतल्या मित्राला वाटलं, सॉफ्टवेअर बिघडलं. मी म्हटलं, सॉफ्टवेअर धड आहे रे, गाव बिघडलंय.

मी पण हट्टी. टेम्पलेट कशाला शिकले मग? मी असं केलं की वर मानाच्या दोन चौकटी ठेवल्या, दोघा मानकऱ्यांच्या, फोटोसकट. पान उघडणारा वरच्या वाडीचा असेल तर वरचे मानकरी पहिले दिसणार, खालच्या वाडीचा असेल तर खालचे. दोघांनाही वेगवेगळं कळवलं की आपली चौकट पहिली आहे, बघून घ्या. ही लबाडी नव्हती, सोय होती, असं माझं आजही मत आहे. अडचण आली ती बायकांची. माहेर वर आणि सासर खाली, अशा अर्ध्या बायका गावात. नाव नोंदवताना वाडी कुठली लिहू, म्हणून काकीच अडून बसली. तिच्यासारख्यांसाठी दोन्ही चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या, तर फोनच्या रुंदीत दोन्ही मानकरी सुक्या बोंबलासारखे लांबडे दिसायला लागले. बायकांनी तक्रार केली नाही. उलट बऱ्याच जणींना ते आवडलं.

आणि गाव बोललं! दोघा मानकऱ्यांनी लिहिलं, मग बाकीच्यांनी, मग गटाराचं झाकण काढल्यासारखं दोन वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर. मंडपाची डागडुजी, दशावताराला कोणाला बोलवायचं, दुकानांच्या जागा. कौल कधी लावायचा इथपर्यंत गाडी आली. मी कॉलर ताठ करून फिरत होते. काकीने तर बोटीवर मुलाला कळवूनही टाकलं की साधारण अमुक आठवड्यात असेल, मागून ठेव रजा.

घात झाला तो नाक्यावरच्या हॉटेलात. वरच्या वाडीतला एक आणि खालच्या वाडीतला एक भजी खात बसले होते. मंडपाच्या पत्र्यांवरून वाद झाला, आणि कोण काय लिहून गेलंय ते दाखवायला दोघांनी आपापले फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

भजी तशीच राहिली म्हणतात.

संध्याकाळपर्यंत दोन्ही मानकऱ्यांनी आपलं लिहिलेलं पुसलं. मानकऱ्यांनी पुसलं म्हणून बाकीच्यांनी पुसलं. लिहायला मान लागतो, पुसायला काही लागत नाही. बघता बघता पान कोरं झालं, आणि मग हिरवे ठिपके पेटवून सगळे परत गप्प बसले. मला कोणी शिवी दिली नाही, कारण शिवी तरी पहिली कोणी द्यायची?

शिवी दिली काकीने. ती थेट माझ्या खोलीत आली. मी समजावायला लागले की टेम्पलेट म्हणजे फक्त मांडणी असते, मजकूर तोच असतो. तिने ऐकून घेतलं.

"तू दोन तोंडांनी बोललंस गो," ती म्हणाली. "माझ्या झिलाक आता काय सांगू?"

मी रागारागाने ती मांडणी काढून टाकली. पुन्हा कधी माणूस बघून वर-खाली करणार नाही अशी शपथ घेतली आणि परदेशातल्या माशांकडे वळले. ते मासे बिचारे कुठल्याही क्रमाने पोहायचे.

त्यानंतरच्या एका सकाळी मी चहा घेत होते आणि फोन वाजायला लागला. थांबेचना. मंचावर कोणी लिहिलं की मला सूचना येते, आणि सूचनांचा पाऊस पडत होता. उघडून बघते तर जत्रेच्या कोऱ्या पानावर सगळ्यात वर काकी. मानकऱ्यांची नव्हे, कोणाचीच परवानगी न घेता तिने लिहिलं होतं. माणसांना उद्देशून नव्हतंच ते. तिने सरळ देवाला गाऱ्हाणं घातलं होतं.

"बा देवा म्हाराजा! दोन वर्सां तुझी पालखी भायर पडाक नाय. हे सगळे शाणे फोन हातात घेवन गप बसले हत, तेंका तोंड दी रे म्हाराजा! माझो झील बोटीर आसा. तारीख नाय तर रजा नाय, रजा नाय तर माझो झील नाय. मानाचा काय तां तू आणि ते बघून घेवा. माका तारीख दी रे म्हाराजा!"

आमच्याकडे गाऱ्हाणं कानावर पडलं की गप्प बसता येत नाही. प्रत्येक म्हाराजाला सगळ्यांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. कोण म्हणतं याला मान नाही, क्रम नाही, सगळ्यांचा आवाज एकदम. न म्हणणं म्हणजे देवाच्या तोंडावर नाही म्हणणं, आणि तेवढी छाती आमच्या गावात कोणाची नाही. मुंबईत कामावर जाणाऱ्या कोणीतरी सवयीने पहिलं 'व्हय म्हाराजा' टाकलं, आणि मग धबधबा. दुबईहून व्हय म्हाराजा. कणकवलीहून व्हय म्हाराजा. सुनेला लिहिता येऊ नये म्हणणाऱ्या सासूबाई, आणि त्यांच्या खालीच सून. बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलं म्हणून एकदोघांच्या पोटात दुखलं असणार, पण बोलायचं तर आधी व्हय म्हाराजा म्हणावं लागणार, आणि ते म्हटलं की मग बोलायला उरलं काय?

त्या गर्दीत दोन्ही मानकरीही व्हय म्हाराजा म्हणून गेले. म्हणून झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं की आपण बोललो. दुपारी दोघांचेही मला खासगीत फोन, की आधी कोणाचं पडलं? त्या ढिगाऱ्यात दोघांनाही ते सापडत नव्हतं, माझ्या सर्व्हरला मात्र माहीत होतं. मी तडक टेम्पलेटमधून वेळ दाखवणारी ओळच उडवली, सकाळचे सगळे व्हय म्हाराजा पत्त्यांसारखे पिसले आणि दोघांना सांगितलं की काका, गर्दीत काही कळलं नाही. तोंडं उघडलीच होती, तर पुढच्या बैठकीत मिटायला कोणाला कारण सापडलं नाही. बैठक झाली, कौल लागला, तारीख ठरली. पहिल्या मानाचं भांडण अजून आहे, होय तर. पण आता बैठक गाऱ्हाण्याने सुरू करतात.

भावाला रजा मिळाली, जत्रेला तो आला, पालखीला खांदा दिला, सगळं रीतसर झालं. पण मला आठवते ती त्याच्याही आधीची दुपार. त्याच्या बोटीवर इंटरनेट कधी असतं, कधी नसतं. गाव व्हय म्हाराजा म्हणून मोकळं झालं होतं तेव्हा तो कुठल्यातरी पाण्यावर होता. उशिरा त्याला आईचं गाऱ्हाणं दिसलं, आणि सगळ्यांच्या शेवटी त्याने लिहिलं: "व्हय म्हाराजा. आये, रजा टाकलंय."

काकी फोन घेऊन माझ्याकडे आली. त्याने लिहिलंय असं कोणीतरी तिला सांगितलं होतं, पण तिला ते सापडत नव्हतं. अंगठ्याने ती खाली खाली सरकवत होती, गाव संपत नव्हतं. मी तळाशी नेऊन दाखवलं. तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग विचारलं की हा असा सगळ्यांच्या खाली का? मी म्हटलं, शेवटी आला ना, म्हणून खाली.

"माझ्या फोनात तेका वर घाल," ती म्हणाली. "मानकऱ्यांच्याय वर."

मी शपथ घेतली होती, ते मी तिला सांगितलं नाही. लॅपटॉप ओढला आणि एका माणसासाठी एक इवलंसं प्लगिन लिहिलं. तिच्या फोनवर पान उघडलं की तिचा मुलगा पहिला, बाकी गाव त्याच्या खाली. तिने फोन पदराला पुसून डोळ्यांजवळ धरला. मग हळूच विचारलं, मी त्याला वर ठेवलंय हे त्याला दिसणार काय?

मी सांगितलं, नाही, फक्त तुलाच दिसतं.

"मगे बरां," काकी म्हणाली. "नायतर शेफारतलो."