खर्ड्यातला पहिला एसटीडी बूथ

खर्ड्यातून थेट फोन लागणार हे कळलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याआधी पुण्याला बोलायचं तर जामखेडला जाऊन ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. लागला तर लागला, नाहीतर एसटी पकडून हात हलवत घरी. मग नव्वदीत आमच्याकडे कॉम्प्युटरवर चालणारं एक्स्चेंज आलं आणि अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ चक्क मला मिळाला! माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. ही आता जन्मभर घरात बसून शेंगा फोडणार, असं सगळ्यांनी धरलेलं. म्हटलं, घ्या, बसूनच करायचं काम मिळालं!

पुण्याच्या दादाला काही ते पटलं नाही. वहिनी नोकरी करायची आणि मुलं लहान. "असली थेरं चार दिवस चालतात. तिला पाठव, पोरं सांभाळील," असं तो आईला बजावून गेला होता. भाऊबीजेला येऊन मला घेऊनच जाणार होता. आई ना हो म्हणाली, ना नाही, आणि वडील सगळं आईवर सोडून मोकळे. मला कुणी विचारलंच नाही.

आणि बूथ सुरू झाला! काय सांगू, नुसती जत्रा! पिवळी पाटी, काचेची केबिन, माझ्या टेबलावर लाल आकडे पळवणारं मशीन. नंबर मी लावायची आणि माणूस आत जाऊन बोलायचा. पण केबिनचं दार कुणी लावेल तर शपथ. दार लावून बोलतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असा गावाचा कायदा. त्यात पुणं लांब, म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. आत एक म्हातारे विचारतायत, "जावईबापू, बाळंतीण बरी हाय का?" तर बाहेरून अख्खी रांग, "आधी पोरगा का पोरगी ते इचारा!"

"पोरगी!" असं म्हाताऱ्यांनी आतून ओरडल्याबरोबर सायकल दुकानवाल्या चाचांनी रांगेला जिलबी सांगितली. मी केबिनकडे बघून खेकसले, "अहो, दार तरी लावा!"

"दार लावायला आमी काय चोर हाय व्हय?"

बोला आता! पण खरं सांगते, संध्याकाळी घसा बसायचा आणि मन मात्र तरंगत असायचं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी आई बूथवर आली. "दादाला लाव," एवढंच म्हणाली. तिनं जन्मात फोन हातात धरला नव्हता. रिसीव्हर उलटा धरला, तो मी सरळ करून दिला आणि टेबलाशी येऊन नंबर लावला. पलीकडून दादाचा आवाज आला आणि आईनं केबिनचं दार घट्ट ओढून घेतलं.

अख्खी रांग केबिनकडे बघायला लागली. माझ्यापासून लपवून बोलते, म्हणजे मला पाठवायचंच ठरलं! असा संताप आला, वाटलं लाईनच तोडून टाकावी.

पण आई ती आईच. दार लावलं तरी पुणं तिला लांबच. काचेतून शब्द न् शब्द बाहेर.

"न्हाई पाठवायची तिला! अरं, मानसं खोळंबत्यात तिच्यावाचून. आन् तिला इचारू बी नगं, तुज्या तोंडाकडं बघून व्हय म्हनंल ती. पोरांसाठी मी येते."

आई बाहेर आली. मी रडत होते, सगळ्यांसमोर, अगदी भोकाड पसरून.

"रडती काय? मानसं थांबल्यात, पुढचा नंबर लाव."

मी लावला. डोळ्यांतल्या पाण्यानं आकडे नीट दिसेनात, तो भलत्याच घरी लागला.

भाऊबीजेला दादा आला. मी त्याला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आणि मी स्टँडवर गेलो, आणि पुण्याच्या गाडीत त्याच्याशेजारी माझ्या जागेवर आई बसली.