जंगमसाहेबांचा पहारा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या समस्त सुज्ञ जनांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक आयुष्यात वाघाला भ्यायला नाही, कशेडी घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकलाही भ्यायला नाही. (दोघांशीही कधी गाठ पडली नाही, हा भाग वेगळा.) तो भ्यायला फक्त दोन शब्दांना : "कोण तू?"

हे शब्द जंगमसाहेबांचे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात ते संगणक विभागाचे प्रमुख होते आणि मी स्टोअरमधला कारकून. आठ वर्षं मी त्यांच्या काचेच्या दारातून आत जात होतो, आणि आठ वर्षं ते मान वर न करता विचारत होते, "कोण तू?" नुसतं "मी" म्हटलेलं चालत नसे. वडिलांच्या नावासकट सगळं सांगावं लागे.

"साहेब, काल आपण एका टेबलावर जेवलो!" मी एकदा कुरकुरलो.

"काल जेवला तो तूच, हे कशावरून?" साहेब म्हणाले. क्षणभर मलाच शंका आली.

त्यांच्या मानेवर डाव्या कानापर्यंत भाजल्याचा चट्टा होता. त्याबद्दल विचारायची कोणाची छाती नव्हती. एकदा त्यांनीच सांगितलं. आधीच्या नोकरीत कोणीतरी दुसऱ्याच्या खुर्चीत बसून एक आकडा बदलला होता आणि रसायनं शिजवायचा रिॲक्टर फुटला होता. "कोणी बदलला ते अजून कळलेलं नाही," ते चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले. "खुर्ची तेवढी कळली."

आमच्याकडेही तोच कारभार होता. कुठला माल कसा करायचा, कुठल्या रिॲक्टरला किती तापमान, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असे. त्याच्या दारावर फायरवॉल नावाचा पहारेकरी. पण तो बघायचा फक्त यंत्र. प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरवरून कोणी आलं की सलाम ठोकून आत सोडायचा, मग तिथे केमिस्ट बसलेला असो की चहावाला. साहेबांनी हा नियम मोडला. पहारेकरी आता नाव आणि पासवर्ड विचारू लागला, आणि ज्याला जेवढं काम तेवढंच दार उघडू लागला. मला स्टोअरमधला माल दिसे. कृतीचा आकडा दिसतही नसे. "खुर्चीला आईबाप नसतात," साहेब म्हणत. "दार माणसाला उघडायचं."

एवढं सगळं झालं, पण आमची माणसं ती आमचीच. शेजाऱ्याकडून शिडी आणावी, तसं आम्ही एकमेकांचं नाव उसनं आणू लागलो.

शिमग्यात प्रयोगशाळेतला दत्ताराम सालवी माझ्याकडे आला. गाव उमरठ. "सुट्टी नाय देत रे! पालखी माझ्या दारात येणार नि मी हितं बाटल्या धूत बसू? माझ्या नावानं आत जा, दोन नंबर रिॲक्टरचं तापमान तेवढं टाक. पोरखेळ हाय." एका कागदावर पासवर्ड आणि आकडा लिहून देऊन तो गावाला पळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळा रिकामी बघून मी ऐटीत बसलो. पहारेकऱ्याने दत्ताराम समजून मला आत घेतलं. मी सत्तर टाकले, बटण दाबलं आणि मग वर पाहिलं. आकडा दोन नंबरला नव्हे, तीन नंबरला गेला होता. तीन नंबर चाळिसाच्या वर न्यायचा नाही, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

घाबरून दुरुस्त करायला गेलो, तर पडद्यावर पाटी : प्रवेश बंद. पुन्हा पासवर्ड. प्रवेश बंद. तीन वाजता प्लँटमधला ऑपरेटर आकड्यांचा कागद छापून घेई आणि त्याबरहुकूम वाफ सोडे. तिथे सहा माणसं होती. घड्याळात पावणेतीन झाले होते.

मी फोन उचलला. प्लँटमधून आवाज आला, "कोण बोलतंय?" दत्ताराम म्हणू, तर तो उमरठला. मी म्हणू, तर मी इथे काय करतोय? मी फोन ठेवला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. गेटवर हजेरी न लागलेला दत्ताराम आत आल्याचं साहेबांना त्यांच्या पडद्यावर दिसलं होतं. ते नाव त्यांनीच बंद केलं होतं. माझ्याकडे न बघता त्यांनी पडदा वाचला, फोन ओढला. "जंगम बोलतोय. तीन नंबरची वाफ सोडू नका. कागद फाडून टाका. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." मग ते मटकन खुर्चीत बसले. कानापर्यंतचा चट्टा पांढरा पडला होता. या माणसालाही भीती वाटते, हे मला तेव्हा समजलं.

दत्ताराम आणि मी महिनाभर घरी बसलो. नोकरी राहिली, कारण साहेबांनी वर लिहून दिलं : 'चूक करणारा कोण, हे या वेळी कळले आहे.' निवृत्तीनंतर ते पोलादपूरला राहू लागले. मी दर शिमग्याला जायचो आणि ओटीवरून तोच प्रश्न यायचा. परवा त्यांच्या दिवसांना गेलो तेव्हा दारात कोणीच काही विचारलं नाही, आणि मी उंबऱ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

त्यांच्या पत्नी मला बघून रडता रडता हसल्या. "त्या दुपारचं शेवटपर्यंत सांगायचे हो सगळ्यांना," म्हणाल्या.

त्या दुपारी, खुर्चीत बसलेल्या साहेबांनी डोळे मिटून, अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "कोण तू?" आणि आठ वर्षं रोज पूर्ण नाव सांगणारा मी ताठ उभा राहून ओरडलो होतो :

"दत्ताराम सालवी, साहेब!"